साताऱ्याला चार, सांगलीला शून्य

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यांत सातारा जिल्ह्याचे चौघे होते: शिवेंद्रसिंहराजे भोसले, जयकुमार गोरे, शंभूराज देसाई आणि मकरंद पाटील. चौघेही कॅबिनेट दर्जाचे. शेजारच्या सांगलीला एकही मंत्रिपद मिळाले नाही. सांगलीने महायुतीकडे पाठ फिरवली होती म्हणावे, तर आठपैकी पाच आमदार सत्तेतल्याच पक्षांचे होते आणि त्यांत आधीच्या सरकारात कामगारमंत्री राहिलेले मिरजेचे सुरेश खाडेही होते. साताऱ्याने आठही जागा महायुतीला दिल्या, हे खरे. पण मग नांदेडचे काय? तिथे नऊच्या नऊ आमदार महायुतीचे असूनही मंत्री एकही झाला नाही. म्हणजे मतदारांनी भरभरून दिले की मंत्रिपद मिळते, हा समज टिकत नाही.

घटनेच्या १६४व्या कलमानुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ आमदारांच्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. खरी जुळवाजुळव मात्र कलमाबाहेर होते. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१ अशा बळावर आधी कोटे ठरले, मग प्रत्येक पक्षाने आपापल्या कोट्यातली नावे ठरवली. प्रत्येक यादीत जात, विभाग, निष्ठा, नाराजी यांचा तोल सांभाळलेला असतो. तिन्ही याद्या शेजारी ठेवून जिल्ह्यांचा नकाशा पाहण्याची निकड मात्र कोणालाच नसते. साताऱ्यात तिन्ही पक्षांकडे वजनदार आमदार होते, म्हणून भाजपचे दोन आणि इतर दोघांचा एकेक असे चार झाले. सांगलीत अजित पवारांच्या पक्षाचा आमदारच नव्हता. शिंदेंच्या शिवसेनेचे सुहास बाबर एकटे, तेही पहिल्यांदाच निवडून आलेले. उरला भाजप, आणि त्याने पश्चिम महाराष्ट्रातली आपली पदे पुणे आणि साताऱ्यात वाटली.

सांगलीवर हा कायमचा अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही. २००४ मध्ये निकाल १६ ऑक्टोबरला लागला आणि विलासराव देशमुखांचा शपथविधी १ नोव्हेंबरला झाला. मधल्या पंधरवड्यात ७१ आमदारांच्या राष्ट्रवादीने ६९ आमदारांच्या काँग्रेसला मुख्यमंत्रिपद सोडले. त्या सरकारात अंजनीचे आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री, इस्लामपूरचे जयंत पाटील अर्थमंत्री, शिवाय पतंगराव कदमही मंत्री. गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात! तेव्हाही जिल्हा कोणी मोजला नव्हता. पक्षातले स्थान मोजले होते.

मंत्री राज्याचा असतो, जिल्ह्याचा नव्हे, हा आक्षेप तत्त्वतः मला मान्य आहे. पण राज्यकारभारच ते तत्त्व पाळत नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते आणि निधी कुठे जाणार, हे तिथे ठरते. जानेवारी २०२५ मध्ये साताऱ्याला घरचेच शंभूराज देसाई मिळाले, सांगलीला कोथरूडचे आमदार चंद्रकांत पाटील. त्यांच्या क्षमतेबद्दल प्रश्न नाही. मात्र जतच्या पूर्व भागाला म्हैसाळ योजनेचे पाणी का पोहोचत नाही, याचा जाब मतपेटीतून ज्याला विचारता येईल असा मंत्री सांगलीला उरला नाही. २०१९च्या महापुरात ज्या जिल्ह्याची कृष्णाकाठची गावे बुडाली आणि ज्याचे पूर्वेकडचे तालुके टँकरवर जगतात, त्याला हे परवडणारे नाही.

प्रत्येक जिल्ह्याला मंत्री देत बसले तर लायकीला जागा उरणार नाही, असेही म्हटले जाते. जिल्हे ३६ आणि जागा ४३, त्यामुळे सरसकट वाटप मलाही नको. पण सल्ला देण्याचा अधिकार घटनेने मुख्यमंत्र्यांना दिला आहे, तीन पक्षांच्या नेत्यांना नव्हे. पक्षांच्या याद्या हाती आल्यावर त्या एकत्र वाचून दुरुस्ती सुचवणे एवढे तरी त्या अधिकारात बसते. त्याला वावही होता: नागपूरच्या शपथविधीनंतर मंत्री ४२ झाले आणि मर्यादेतली एक जागा रिकामीच राहिली.