घरच्या गव्हावर कायद्याचा अंमल

स्वतःच्या शेतात पिकवून घरीच वापरलेल्या धान्याचा व्यापाराशी संबंध काय, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

रॉस्को फिलबर्न हे ओहायो राज्यातील शेतकरी. दूध, कोंबड्या व अंडी विकून ते उपजीविका करीत. १९३८ च्या कृषी कायद्यान्वये १९४१ च्या पिकासाठी त्यांना ११.१ एकर गव्हाची मर्यादा नेमून दिलेली असता त्यांनी २३ एकर पेरणी केली. जादा क्षेत्रात २३९ बुशेल, म्हणजे सुमारे ६५ क्विंटल गहू निघाला व बुशेलमागे ४९ सेंट याप्रमाणे ११७ डॉलर ११ सेंट दंड बसला. हा गहू जनावरांना, बियाण्याला व घरच्या पिठाला लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

तेथील राज्यघटनेने केंद्रीय विधिमंडळास राज्याराज्यांतील व्यापाराच्या नियमनाचा अधिकार दिला आहे. ९ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यायालयाने एकमताने दंड वैध ठरविला. न्यायमूर्ती जॅक्सन यांचे विवेचन असे की, घरी गहू पिकविणारा तेवढा गहू बाजारातून घेत नाही. एकट्याचा परिणाम नगण्य, परंतु अशा सर्वांचा मिळून मागणीवर व भावावर मोठा परिणाम होतो. अर्थशास्त्रदृष्ट्या हे बिनतोड आहे. मात्र या न्यायाने परसातील भाजीही व्यापारात मोडेल! १९९५ साली शाळेजवळील बंदुकीच्या खटल्यात न्यायालयाने या अधिकारास मर्यादा घातली. २००५ साली घरगुती गांजाच्या खटल्यात पुन्हा फिलबर्न निकालाचाच आधार घेतला.

आपल्या राज्यघटनेत शेती हा विषय राज्यसूचीत, आंतरराज्य व्यापार संघसूचीत, तर अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीत आहे.