कर्ट कोबेनच्या वहीतली 50 नावं

डिसेंबर उजाडला की वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमांच्या याद्या येऊ लागतात. काही समीक्षकांच्या, काही खपाच्या, काही कोणतं गाणं किती वेळा वाजलं याचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या. त्यांच्या जोडीला बँडही आपापल्या आवडत्या अल्बमांची यादी जाहीर करतात आणि ती सहसा चाहत्यांपुरती, हौसेची गोष्ट समजली जाते. मला वाटतं, नवं काही ऐकू पाहणाऱ्या सामान्य श्रोत्याला सगळ्यांत जास्त उपयोग याच यादीचा होतो. वादकांची अभिरुची समीक्षकांपेक्षा वरची असते, असा माझा दावा नाही. चांगला समीक्षक बहुतेक वादकांपेक्षा कितीतरी जास्त ऐकत असतो. पण वादकाची यादी पडताळून पाहता येते. जे आवडलं म्हणतो ते त्याच्या स्वतःच्या संगीतात उतरलं का, आणि ज्यांची नावं घेतली त्यांच्यासाठी त्याने काही केलं का, हे दोन प्रश्न तिला विचारता येतात. समीक्षकाच्या यादीची अशी परीक्षा घ्यायला जागाच नसते.

निर्वाना या अमेरिकी बँडची यादी या परीक्षेला लावून पाहण्यासारखी आहे. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम सप्टेंबर 1991 मध्ये आला आणि जानेवारी 1992 मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकेत खपाच्या यादीत पहिला झाला. बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन एप्रिल 1994 मध्ये, वयाच्या अवघ्या 27व्या वर्षी गेला. 2002 साली त्याच्या वह्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. (त्याच्या माघारी त्या छापाव्यात का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो रास्तच होता.) त्या वह्यांत निर्वानाच्या नावाने, त्याच्या हस्ताक्षरात, 50 आवडत्या रेकॉर्डची यादी आहे. सुरुवातीलाच इगी पॉप आणि स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’, पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’, ब्रीडर्सचा ‘पॉड’. पीजे हार्वेचा 1992 चा ‘ड्राय’ त्यात आहे, म्हणजे यादी त्यानंतरची. तरी तिच्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड तेव्हाही दहा-दहा वर्षं जुन्या होत्या. आवडीला मुरायला वेळ लागतो, तो तिला मिळालेला आहे.

पहिला प्रश्न संगीतात उतरल्याचा. ‘सर्फर रोझा’तलं ‘जायगँटिक’ ऐका. सुरुवातीला किम डीलचा बेस गिटार जवळजवळ एकटाच चालतो, तिचा आवाज बोलल्यासारखा, हलका. मग ध्रुवपदाला सगळ्या गिटारी एकदम अंगावर येतात आणि पुन्हा मागे सरतात. आता ‘नेव्हरमाइंड’मधलं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ लावा. कडव्यात बेस, ड्रम आणि गिटारचे मोजून दोन स्वर, तेही मधूनच. ध्रुवपदात तीच गिटार फाटक्या, भरलेल्या आवाजात कोसळते. हे साम्य कोबेनने लपवलं नाही. जानेवारी 1994 मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये आलेल्या मुलाखतीत, आपण पिक्सीजसारखं करायला गेलो होतो, अशी त्याने मोकळी कबुली दिली. यादी इथेच थांबत नाही. ‘सर्फर रोझा’ आणि ‘पॉड’ या दोन्हींचं ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं. खोलीत वाजणारा ड्रम खोलीत वाजल्यासारखाच ऐकू यावा, गाणाऱ्याच्या आवाजाला झिलई चढवू नये, ही त्याची पद्धत. फेब्रुवारी 1993 मध्ये ‘इन युटेरो’ करायची वेळ आली तेव्हा निर्वाना मिनेसोटातल्या स्टुडिओत याच अल्बिनीकडे गेले. पुढे त्यातल्या दोन गाण्यांचं मिश्रण बदलावंसं वाटलं, तेव्हा बोलावलं स्कॉट लिटला, म्हणजे यादीतल्याच आर.ई.एम.च्या ‘ग्रीन’चा सहनिर्माता. आवडीनिवडीची वही इथे कामाच्या निर्णयांना जाऊन भिडते.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. यादीत रेनकोट्सचं नाव आहे. लंडनमध्ये 1977 साली कला महाविद्यालयात शिकणाऱ्या अ‍ॅना दा सिल्व्हा आणि जीना बर्च यांनी हा बँड काढला. 1979 च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये व्हायोलिन गिटारच्या मागे साथीला न राहता तिच्याशी भांडत पुढे जातं, ताल डळमळतो, सावरतो, आणि बायकांचे आवाज एकमेकींत मिसळायची घाई करत नाहीत. 1992 पर्यंत ही रेकॉर्ड मिळेनाशी झाली होती. ती शोधत कोबेन लंडनच्या रफ ट्रेडच्या दुकानात पोहोचला. तिथून त्याला जवळच जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करणाऱ्या दा सिल्व्हाकडे पाठवलं गेलं. तिने नंतर त्याला रेकॉर्ड टपालाने पाठवली. हा प्रसंग त्याने ‘इन्सेस्टिसाइड’ या आपल्या संग्रहासोबतच्या मजकुरात लिहिला, म्हणजे निर्वानाच्या असंख्य श्रोत्यांच्या हातात हे नाव ठेवलं. थोड्याच काळात रेनकोट्सचे अल्बम पुन्हा निघाले, पहिल्याला कोबेनने प्रस्तावना लिहिली. बँड पुन्हा उभा राहिला आणि 1996 मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं पत राखण्यासाठी होतं. लाखोंनी खपणाऱ्या गायकाने अपरिचित बँडची नावं घेतली की तो अजूनही तळघरातल्या मैफिलींचा माणूस वाटतो. कोबेनला या पतीची चिंता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निव्वळ पतीसाठी यादी केली असती, तर तिच्यात एरोस्मिथ आणि बीटल्स कशाला आले असते? नॅक हा बँडही त्यात आहे, आणि त्या काळच्या पंक मंडळींत त्याचं नाव घेऊन कुणाची शान वाढत नव्हती. शिवाय 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीसाठी ध्वनिमुद्रित झालेली मैफल पाहा. अल्बममधल्या 14 गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची. त्यांतलं एक व्हॅसलिन्सचं, एक डेव्हिड बोवीचं, शेवटचं 1949 साली वारलेल्या लेड बेलीच्या गायकीतून आलेलं; ही तिन्ही नावं यादीत आहेत. उरलेली तीन मीट पपेट्सची, आणि त्यासाठी त्या बँडच्या कर्कवूड बंधूंना सोबत मंचावर बसवलं होतं. ‘टीन स्पिरिट’ वाजलंच नाही. इतक्या मोठ्या वाहिनीवर आपलं सगळ्यांत गाजलेलं गाणं गाळून दुसऱ्यांना जागा देणं, याला मी दिखावा म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. अशी यादी एका माणसाच्या ओळखीपाळखीवर, गावावर, वयावर बेतलेली असते. निर्वानाच्या यादीत मडहनी आणि वायपर्स हे त्यांच्याच भागातले. हिप-हॉपमधून पब्लिक एनिमीचं नाव आहे, जॅझ जवळपास नाहीच. मुख्य म्हणजे जे बँड कोबेनच्या कानावर पडलेच नाहीत, ते रेनकोट्सइतकेच चांगले असूनही अंधारात राहिले असतील. पण मर्यादा उघड दिसणं हेही या यादीचं बळच आहे. समीक्षकांच्या एकत्रित मतदानात प्रत्येकाचा कल दुसऱ्याच्या कलाने पुसला जातो आणि बहुतेकांनी ऐकलेलंच वर येतं. 1991 सालच्या ‘व्हिलेज व्हॉइस’च्या अशा मतदानात ‘नेव्हरमाइंड’च पहिला आला होता. ती निवड योग्यच होती, पण ज्याला तो अल्बम आधीच माहीत होता त्याला तिने पुढची वाट दाखवली नाही. न्यू हॅम्पशायरच्या फ्रीमाँट गावातल्या विगिन बहिणींचा शॅग्ज हा बँड अशा मतदानात वर येणं कठीण. त्यांच्या 1969 च्या रेकॉर्डमध्ये ड्रम एका वाटेने जातो, गिटार दुसऱ्या. कोबेनच्या यादीत ती अगदी वरच्या नावांमध्ये आहे.

कोबेनच्या वहीत नुसती नावं आहेत, कारणं त्याच्या इतर लिखाणातून आणि मुलाखतींतून गोळा करावी लागतात. आज यादी देणाऱ्या बँडने एवढं तरी करावं: सरत्या वर्षातल्या दहा नावांऐवजी चारच द्यावीत, एखादं जुनं घ्यायला कचरू नये, आणि प्रत्येकापुढे आपण त्यातून नेमकं काय उचललं ते लिहावं, कुठला ताल, कुठला ध्वनिमुद्रक, कुठल्या गाण्यातलं कुठलं वळण. मग श्रोत्याला दोन्ही गाणी शेजारी लावून स्वतःच्या कानांनी ठरवता येईल.