छायाचित्र आणि ॲनिमेशन : जुन्नर-आंबेगावच्या दोन नोंदी

चौकट

छायाचित्र पुढ्यात असलेले टिपते, ॲनिमेशन नसलेले घडवते. पण दोघांचे एकक एकच, स्थिर चौकट. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवतात, त्यामुळे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. हालचाल कोणत्याही एका चौकटीत नसते. लागोपाठच्या चौकटींतील फरकावरून पाहणाऱ्याचा मेंदू ती तयार करतो. दस्तऐवजी छायाचित्रणाचे काम उलटे आहे. चालू घटनेतून एकच क्षण वेगळा काढायचा, आणि तो असा की मागचेपुढचे त्यातून उमगावे.

फाळक्यांचा वाटाणा

या दोन्ही कला मराठी मुलुखात एकाच माणसाच्या हातात एकत्र आल्या. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर दाण्याचा वेल झरझर वर चढला. त्यातली प्रत्येक चौकट अस्सल नोंद होती, तरी दिसलेली गती कोणत्याही डोळ्याने पाहिलेली नव्हती. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी हेच तंत्र काड्यांवर वापरले. वाटाणा स्वतः वाढत होता. काडी मात्र प्रत्येक चौकटीआधी हाताने सरकवावी लागत होती. नोंद आणि रचना यांच्यातली सीमारेषा याहून स्पष्ट दाखवणारी उदाहरणे विरळाच.

नारायणगावच्या राहुट्या

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. प्रसिद्ध तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. तमाशाचा एक मोलाचा छायाचित्रित दस्तऐवज म्हणजे छायाचित्रकार संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक. रंगमंचावरची अदाकारी तर अनेकांनी टिपली आहे; कनातीमागचे जगणे नोंदवायला मात्र फडाबरोबर राहावे लागते, आणि दस्तऐवजी छायाचित्रणाचा खरा खर्च हा वेळेचाच असतो.

ढोलकीची थाप

कलाशाळेच्या विद्यार्थ्याने अशा फडात ढोलकीवाल्याचा हात अभ्यासावा. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले तर बोटे पानावर थिजतात, आणि हात नुसता ठेवला आहे की थाप पडते आहे, हे कळत नाही. पंधराव्या भागापुरते उघडले तर बोटांचा फराटा उमटतो. आकार जातो, पण जोर राहतो. ॲनिमेशन करणारा हाच जोर अंतरांतून दाखवतो. हात वर असतानाची चित्रे जवळजवळ, खाली येतानाची दूरदूर, आणि थापेनंतर मनगट किंचित उसळलेले. ही अंतरे मनाने ठरवली की हात रबरी दिसतो. ती मोजून घ्यायची तर ओळीने काढलेली छायाचित्रेच लागतात.

माळीण

कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय रेखाटावे लागते, हा प्रश्न शेजारच्या आंबेगाव तालुक्यात फार गंभीर होतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या मार्गावरच्या एसटी चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बातमी बाहेर पोहोचली. नंतरच्या छायाचित्रांत चिखल आहे, मोडलेली लाकडे आहेत, बचावपथके आहेत. ती साक्ष निर्विवाद आहे, पण ती सगळी परिणामाची साक्ष आहे. कारण जमिनीच्या पोटात होते. सह्याद्रीच्या उतारांवर कठीण बेसॉल्टवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. संततधार पावसात पाणी त्यात मुरते, थराचे वजन वाढते, कणांमधल्या पाण्याचा दाब चढतो, घर्षण घटते आणि थर सुटतो. हा क्रम कॅमेऱ्याला दिसूच शकत नाही. डोंगराचा उभा छेद घेऊन पाण्याची पातळी चौकटीचौकटीने चढत नेणारे ॲनिमेशन तो दाखवू शकते.

जगात याला जुना आधार आहे. १९१५ मध्ये बुडालेल्या लुसितानिया जहाजाच्या बुडण्याचे चित्रण झालेले नव्हते. ॲनिमेशनकार विन्झर मॅके यांनी हजारो चित्रे काढून १९१८ मध्ये ते पडद्यावर आणले.

मर्यादा

छायाचित्र चौकटीबाहेरचे गाळते. स्थळ, दिनांक आणि नाव नसेल तर ते भलत्याच घटनेला चिकटवले जाते. शोकात असलेल्या माणसाची संमती हा तर प्रत्येक वेळी नव्याने सोडवायचा प्रश्न आहे. ॲनिमेशनचा धोका वेगळा आहे. अंदाज आणि मोजमाप दोन्ही सारख्याच सफाईने रेखाटले जातात, म्हणून कोणता भाग मोजलेला आणि कोणता कल्पिलेला, हे पडद्यावरच नोंदवले पाहिजे. छायाचित्रात घराची भिंत, कौले, दाराशी बांधलेली गाय आपोआप येतात. काढणाऱ्याचे लक्ष नसले तरी येतात. ॲनिमेशनमध्ये आपोआप काहीच येत नाही. गाडले गेलेले घर काढायचे तर भिंत मातीची होती की दगडाची, दार कोणत्या दिशेला होते, हे वाचलेल्या माणसाजवळ बसून एकेक करून विचारावे लागते.