कलम धरावे, पट्टी चिकटू नये

त्वचारोपणासाठी मांडीवरून काढलेला कातडीचा काप, म्हणजेच कलम, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. जखमेवर ठेवताना त्याचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो. पहिल्या काही तासांत त्याला जागेवर धरते ते फायब्रिन. जखमेतून झिरपणाऱ्या द्रवात फायब्रिनोजेन हे प्रथिन असते. थ्रॉम्बिन या विकरामुळे त्याचे चिवट धागे होतात आणि काप व जखमेचा तळ यांच्यात डिंकासारखी पकड बसते.

ही पकड तात्पुरती. पहिले एक-दोन दिवस कलम खालचा द्रव शोषून तग धरते. ते सुजते, फिकट दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळातल्या केशवाहिन्या कलमातल्या रिकाम्या वाहिन्यांशी जुळू लागतात आणि कापावर गुलाबी छटा येते. पुढे फायब्रिनच्या जागी कोलॅजन येऊ लागते. खरी पकड ती.

तोवर मात्र सगळे अधांतरीच. खाली रक्त साकळले, तर तेवढ्या भागातले कलम उपाशी मरते. म्हणून कापाला बारीक चिरा देऊन जाळी करतात. साचणारा द्रव तिथून निघून जातो. कलम जरासे सरकले तरी नव्याने जुळलेल्या वाहिन्या तुटतात, म्हणून सांध्याजवळ स्प्लिंट बांधतात. सर्वांत वाईट शत्रू स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू. त्याच्या स्ट्रेप्टोकायनेजमुळे रक्तातले निद्रिस्त प्लास्मिनोजेन जागे होऊन त्याचे प्लास्मिन होते आणि ते फायब्रिन विरघळवते. शस्त्रक्रिया चोख होऊनही कलम सुटून येते ते असे.

पंचाईत अशी, की फायब्रिन जसे कलमाला धरते तसे पट्टीलाही. सुती गॉझच्या विणीत द्रव शिरून वाळला, की पट्टी काढताना नवी त्वचाही सोलून निघते. जिथून काप काढला ती मांडीवरची जागा म्हणूनच रुग्णाला कधी कधी मूळ जखमेपेक्षा जास्त छळते. त्यावर उपाय म्हणजे पॅराफिन लावलेला गॉझ किंवा पातळ फिल्म. फिल्मखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले. मुंबईत डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या. त्याचा अहवाल 1985 मध्ये आला. पुढे याच शहरात केळीची पानेही वापरली गेली. दोन्ही स्वस्त, आणि जखमेला न चिकटणारी. एरवी वाळून घट्ट बसलेला गॉझ ओढण्याआधी सलाइनने भिजवावा लागतो, आणि घाई केली तर त्याच्याबरोबर कलमही उचलले जाते.