ब्रीच कँडी येथील तरणहौद : नांव, जन्म आणि नियम

मुंबईंत ब्रीच कँडी या भागीं समुद्राला लागून जो पोहण्याचा क्लब आहे, त्याची स्थापना इ. स. १८७६ मध्यें झाली. ताम्रपट व सनदा चाळणाऱ्यांस हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादी संस्था कोणास आंत घेई व कोणास दाराबाहेर ठेवी, हें तिच्या नियमांवरून जितकें स्पष्ट होतें तितकें पुष्कळदां बखरींवरूनही होत नाहीं. म्हणून हें टांचण.

प्रथम नांवाविषयीं. महालक्ष्मी व वरळी यांच्यामध्यें पूर्वीं मोठें खिंडार होतें व भरतीचें पाणी त्यांतून बेटाच्या पोटांत शिरे. इंग्रज त्यास ‘ब्रीच’ म्हणत. विल्यम हॉर्नबी (१७७१–१७८४) हा गव्हर्नर असतां बांध घालून तें बुजविण्यांत आलें. बांध टिकेना, तेव्हां समुद्रांतून देवीच्या मूर्ती वर काढून त्यांची स्थापना केली व मग काम तडीस गेलें, ही रामजी शिवजी प्रभूची कथा सर्वश्रुत आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. ‘कँडी’विषयीं मतभेद आहे. कोणी तो ‘खिंड’ शब्दाचा अपभ्रंश मानतात, तर कोणी सबंध नांवच ‘बुरूजखाडी’वरून आल्याचें सांगतात. आम्हांस पहिलें मत अधिक ग्राह्य वाटतें. खिंडार व खिंड हीं दोन्ही त्या भूमीच्या घडणीशीं जुळतात. बुरुजास मात्र पुरावा दाखवावा लागेल.

१८७६ हें सालही ध्यानांत घेण्याजोगें आहे. विलायतेंत १८४६ च्या कायद्यानें नगरसंस्थांस सार्वजनिक स्नानगृहें बांधण्याची मुभा मिळाली. तो उद्योग मुख्यतः गरिबांच्या स्वच्छतेसाठीं होता. धनिकांनीं वर्गणीचे स्वतंत्र क्लब काढले. ग्लासगो येथील आर्लिंग्टन बाथ्स १८७० चा, आणि तेथीलच वेस्टर्न बाथ्स १८७६ चा, म्हणजे मुंबईच्या क्लबाचा समवयस्क. मध्यंतरीं ऑगस्ट १८७५ मध्यें कॅप्टन मॅथ्यू वेब हा २१ तास ४५ मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून गेला. ही हवा मुंबईच्या गोऱ्या वस्तीस लागली नसती तरच नवल. (गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चें आहे, त्यांत हा क्लब शोधूं नये.) त्याच १८७६ सालीं दख्खनेंत मोठ्या दुष्काळास आरंभ झाला.

आमच्या खानदेशांत पोहणें शिकावयास क्लब लागत नसे. पहूरास वाघूर नदीचे डोह, शेतांतील विहिरी व कमरेस बांधलेली भोपळ्यांची सांगड, एवढी सामग्री पुरे. अडावदजवळ उनपदेव येथें गोमुखांतून ऊन पाणी कुंडांत पडतें, तेथें लोक जातात तें स्नानासाठीं. मात्र आमचे पाणवठे सर्वांस मोकळे होते असें कोणीं समजूं नये. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेण्यासाठीं अस्पृश्य मानलेल्यांस १९२७ मध्यें सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलें.

ब्रीच कँडीचा नियम याच जातीचा. भेद एवढाच कीं तेथें कसोटी वर्णाची होती. क्लब केवळ युरोपियनांसाठीं होता. १९४७ नंतरही हिंदी लोकांस मज्जाव राहिला व तो १९६० नंतरच्या दशकांत उठला. बाहेरच्या हौदाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशाचा आहे. म्हणजे नकाशांत पोहणारे परके व काठाबाहेर त्या देशाचे रहिवासी! सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१) या कादंबरींत हा हौद आलेला आहे तो याच संदर्भांत. पुढें विश्वस्तमंडळाच्या कारभारावरून उठलेला वाद अलीकडे न्यायालयापर्यंत गेला. चौपाटीवरील प्राणसुखलाल मफतलाल यांच्या नांवाच्या तरणहौदाच्या नांवांतही ‘हिंदू’ हा शब्द आहे, हेंही येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

अशा क्लबांच्या नियमपुस्तिका, वर्गणीच्या पावत्या व प्रवेशपत्रिका संग्राहक बहुधा रद्दींत टाकतात. ज्यांच्या दप्तरांत त्या असतील त्यांनीं त्या महाड खटल्याच्या कागदांइतक्याच जपून ठेवाव्या व त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या, अशी विनंती आहे.