भंडारपुरीची गुरुगादी

रायपूरहून धानाच्या खाचरांमधून जाणारी वाट धरून भंडारपुरीस पोचले, म्हणजे दृष्टीस पडतो तो पांढरा जैतखाम, म्हणजे पंथाचा स्तंभ, आणि त्यावर फडकणारी तितकीच शुभ्र ध्वजा. सतनामी पंथाची ही गुरुगादी. या मुलखाची आम्हां मराठी माणसांची ओळख १७४१ मधील भास्करपंतांच्या स्वारीपासून बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरच्या अमलापर्यंत येऊन थांबते. परंतु त्याच काळात, १७५६ साली, गिरौदपुरीच्या एका चर्मकार कुळात जन्मलेल्या घासीदासांनी मूर्ती आणि जातिभेद नाकारून 'सतनाम' एवढेच उपास्य मानले, मद्यमांस वर्ज्य केले, आणि गाईस नांगरास जुंपू नये, दुपारनंतर नांगर धरू नये, इतका सूक्ष्म दयाभाव शेतकऱ्याच्या दिनक्रमात आणला.

त्यांचे पुत्र बालकदास हत्तीवरून संचार करीत. अनुयायी त्यांस राजा मानीत. त्यांनी स्वतः जानवे धारण केले, अनुयायांसही दिले, आणि उच्चवर्णीयांचा रोष ओढवून घेतला. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन सहा वर्षे लोटली होती. रायपूरकडे जात असता वाटेतल्या मुक्कामी १८६० मध्ये त्यांची हत्या झाली, व मारेकरी रजपूत असल्याचा समज दृढ झाला. सुताच्या त्या तीन पदरांचे हे प्रकरण मला क्षुल्लक वाटत नाही. धर्मचिन्हाच्या हक्कावरून असा संघर्ष इतरत्रही झाला आहे: पंधराव्या शतकात बोहेमियाच्या राज्यात, यान हुस यास १४१५ मध्ये जिवंत जाळल्यानंतर, उपासनेतील द्राक्षासवाचा प्याला धर्मगुरूंप्रमाणेच सामान्य भाविकाच्याही ओठांस लागावा म्हणून तलवारी उपसल्या गेल्या, आणि पुढे प्याल्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षाच्या राजास पोपने बहिष्कृत केल्यावर त्याच्या मुकुटावर दुसऱ्याने हक्क सांगितला.

भंडारपुरीसही वारशाचा तंटा चुकला नाही. बालकदासांचे पुत्र साहेबदास गादीवर आले, तरी खरा कारभार चुलते आगरदास यांच्या हाती राहिला; त्यांनी बालकदासांच्या विधवा राधा यांच्याशी लग्न केले. पुढे राधेच्या पोटचे अजबदास आणि दुसऱ्या पत्नीचे अगरमनदास, असे त्यांचे दोन्ही पुत्र गादी मागू लागले, तेव्हा दोघांनी मिळून गुरुपद चालवावे असे ठरून मालमत्तेची वाटणी झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे गुरुदर्शनाचा मेळा भरतो, आणि गावोगावचे सतनामी शुभ्र वस्त्रे लेवून जैतखामापुढे नतमस्तक होतात.