साचेबद्ध प्रतिमा आणि लोकचळवळ : अमेरिकेतील अ‍ॅपलॅशिया प्रदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेच्या पूर्व भागातील डोंगराळ पट्टा ‘अ‍ॅपलॅशिया’ या नावाने ओळखला जातो. या पट्ट्यातील पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया आणि लगतचे जिल्हे दगडी कोळशाने समृद्ध आहेत. तरीही जमिनीखाली संपत्ती आणि जमिनीवर दारिद्र्य, अशी विसंगती येथे शतकभर दिसून येते. बाह्य जगाने तिचे कारण डोंगरी माणसाच्या स्वभावात शोधले. स्थानिक चळवळींनी ते जमिनीच्या मालकीत दाखवून दिले. प्रस्तुत लेखात या दोन उत्तरांमधील संघर्षाचे विवेचन केले आहे.

प्रतिमेची घडण :
१८७३ साली विल वॉलेस हार्नी यांनी एका मासिकातील लेखात या डोंगरी समाजाचे वर्णन ‘विचित्र भूमी आणि आगळे लोक’ अशा आशयाच्या शीर्षकाखाली केले. १८९९ मध्ये बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी त्यांना ‘आपले समकालीन पूर्वज’ ठरविले. फ्रॉस्ट यांचा हेतू सहानुभूतीचा होता. परंतु ‘हे लोक काळाच्या मागे राहिले आहेत’ ही कल्पना त्यातून दृढ झाली. पुढे ‘हिलबिली’ हा हिणकस शब्द रूढ झाला. १९३४ पासून प्रसिद्ध होणारी ‘लिल अ‍ॅबनर’ ही चित्रमालिका आणि १९७२ चा ‘डिलिव्हरन्स’ हा चित्रपट यांनी आळशी, अडाणी व हिंसक डोंगरी माणूस घरोघर पोहोचविला. १९६५ मध्ये जॅक वेलर यांच्या ‘यस्टरडेज पीपल’ या ग्रंथाने दैववादी वृत्ती हे या समाजाचे लक्षण म्हणून मांडले.

ही प्रतिमा केवळ उपहासापुरती मर्यादित नव्हती. दारिद्र्य हा संस्कृतीचा दोष मानला, की कोळसा कोणाचा आणि त्याचा नफा कोठे जातो, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

मालकीचा प्रश्न :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केंटकीतील अनेक शेतकऱ्यांकडून ‘ब्रॉड फॉर्म डीड’ नावाची खरेदीखते करून घेण्यात आली. त्यांनुसार जमिनीचा पृष्ठभाग शेतकऱ्याकडे राहिला. मात्र खनिजे आणि ती काढण्यासाठी आवश्यक ते सर्व करण्याचा हक्क खरेदीदाराकडे गेला. त्या काळी भूमिगत खाणीच परिचित होत्या. पुढे बुलडोझरने डोंगर उघडे करून कोळसा काढण्याची पद्धत आली, तेव्हा आजोबांनी केलेल्या सहीच्या आधारे नातवाचे शेत उद्ध्वस्त होऊ लागले. १९५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयानेही कंपन्यांचा हा हक्क मान्य केला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स ही ६१ वर्षांची विधवा स्वतःच्या जमिनीवर बुलडोझरच्या वाटेत ठाण मांडून बसली. पोलिसांनी तिला उचलून नेले व तिची रवानगी तुरुंगात झाली. तिचे छायाचित्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच हा प्रश्न राज्यभर पोहोचला. नागरिक संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९८८ मध्ये केंटकीतील मतदारांनी ८० टक्क्यांहून अधिक मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. जुन्या खरेदीखताच्या आधारे जमीनमालकाच्या संमतीविना पृष्ठभाग खणण्यास त्यामुळे प्रतिबंध झाला.

दैववाद कोणाचा? :
२६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात खाणीतील कचऱ्याचा बांध फुटला. त्यात १२५ माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो बेघर झाली. खाण कंपनीच्या बाजूने या दुर्घटनेस ‘ईश्वरी करणी’ म्हटले गेले. बचावलेल्यांना हे स्पष्टीकरण मान्य नव्हते. त्यांच्यापैकी सहाशेहून अधिक जणांनी दावा लढविला आणि १९७४ मध्ये १ कोटी ३५ लाख डॉलरची तडजोड झाली. ज्यांना दैववादी म्हटले गेले त्यांनी मानवी जबाबदारीचा आग्रह धरला, आणि दैवाचा आधार मात्र कंपनीने घेतला, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

तत्पूर्वी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील सुमारे ४०,००० खाणकामगारांनी कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराच्या भरपाईसाठी काम बंद ठेवले होते. राज्याला त्यासाठी कायदा करावा लागला. त्याच वर्षी संघराज्याचा खाण-सुरक्षा कायदाही संमत झाला.

लोकांनी केलेले संशोधन :
१९७७ च्या पुरानंतर बेघरांसाठी तात्पुरती घरे उभारण्यासही जमीन मिळेना, कारण बरीचशी सपाट जमीन कंपन्यांच्या ताब्यात होती. या अनुभवातून स्थानिक नागरिक आणि अभ्यासक एकत्र आले. त्यांनी सहा राज्यांतील ८० काउंट्यांच्या जमीन व कर नोंदी कचेऱ्यांमध्ये बसून तपासल्या. १९८१ मध्ये पूर्ण झालेल्या या पाहणीत नोंदविलेल्या जमिनीपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जमीन आणि सुमारे चार-पंचमांश खनिज हक्क अनुपस्थित मालकांकडे असल्याचे आढळले. खनिजांवरील मालमत्ता कर अत्यल्प असल्यामुळे शाळा व रस्ते यांसाठी निधी अपुरा पडत होता. ज्या समाजाला अडाणी ठरविले गेले, त्यानेच आपल्या दारिद्र्याचा हिशेब सरकारी कागदांतून मांडला.

चळवळीच्या मर्यादा :
या लढ्यांचे सरसकट उदात्तीकरण करणे म्हणजे जुन्या साच्याच्या जागी नवा साचा बसविणे होय. ज्या खाणीमुळे विहिरीचे पाणी नासते, तीच शेजाऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवते. त्यामुळे गावागावांत फूट पडली. १९७७ च्या संघराज्य कायद्याने उघड्या खाणकामाचे नियमन केले, परंतु ते बंद केले नाही. डोंगरमाथे उडवून कोळसा काढण्याची पद्धत त्यानंतरच फोफावली. तिच्या विरोधात लढणाऱ्या, खाणकामगाराची कन्या असलेल्या ज्यूडी बॉन्ड्स यांना २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार लाभला. तथापि, त्यांना आपल्याच परिसरातील लोकांच्या रोषासही सामोरे जावे लागले.

निष्कर्ष :
२०१६ मध्ये जे. डी. व्हान्स यांचे ‘हिलबिली एलेजी’ हे आत्मकथन गाजले आणि दोष संस्कृतीचा की व्यवस्थेचा, हा वाद पुन्हा उफाळला. अ‍ॅपलॅशियाच्या अनुभवावरून असे म्हणता येईल की, साचेबद्ध प्रतिमा ही विषमतेची केवळ परिणती नसून तिचे साधनही असते. तिला केवळ ‘आम्ही तसे नाही’ असे उत्तर देणे पुरेसे ठरत नाही. जमीन कोणाची, कर कोण भरतो आणि नुकसान कोण सोसतो, हे प्रश्न पुराव्यानिशी विचारणे हेच तिचे परिणामकारक उत्तर होय. खनिजसंपन्न परंतु दरिद्री अशा कोणत्याही प्रदेशाच्या अभ्यासात या प्रश्नांपासूनच प्रारंभ करणे आवश्यक आहे.